फ्रेम आणि नमुना : संकलन व मोशन ग्राफिक्स यांतील सिंकच्या प्रश्नाचा मागोवा

संगणकावरील संकलनात चित्र आणि ध्वनी वेगवेगळ्या मापांनी मोजले जातात, आणि सिंक जाण्याच्या, म्हणजे ओठांची हालचाल व शब्द यांची फारकत होण्याच्या, बहुतेक तक्रारींचे मूळ या दोन मापांच्या हिशोबात सापडते. चित्राचे माप फ्रेम हे आहे, तर ध्वनीचे माप नमुना, म्हणजे ध्वनिलहरीची एका क्षणीची नोंद. व्हिडिओसाठी सेकंदाला ४८,००० नमुने घेण्याचा प्रघात आहे. पाल या दूरचित्रवाणी प्रक्षेपणपद्धतीमुळे भारतात रूढ झालेल्या २५ फ्रेमच्या गतीत प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला नेमके १,९२० नमुने येतात आणि हिशोब नि:शेष सुटतो. अमेरिकेत मात्र १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाला मान्यता मिळताना रंगाची नवी लहर आणि ध्वनीची वाहक लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर जाळी उमटण्याचा धोका होता. जुने दूरचित्रवाणी संच निकामी होऊ नयेत म्हणून ध्वनीची लहर जागची न हलवता चित्राची गती ३० वरून २९.९७ वर आणली गेली, आणि एका फ्रेमला १,६०१.६ असा अपूर्णांक चिकटला. ध्वनीच्या सोयीसाठी केलेली ही तडजोड पुढे ध्वनीच्याच मुळावर आली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

अ‍ॅडोबीचे प्रीमियर हे संकलनाचे सॉफ्टवेअर १९९१ मध्ये आले, तर मोशन ग्राफिक्सचे, म्हणजे हलत्या आरेखनांचे, आफ्टर इफेक्ट्स १९९३ मध्ये प्रॉव्हिडन्स येथील ‘कंपनी ऑफ सायन्स अँड आर्ट’ या छोट्या संस्थेने बाजारात आणले. त्याच वर्षी ते आल्डस या कंपनीकडे आणि १९९४ मध्ये आल्डससह अ‍ॅडोबीकडे गेले. दोन्हींची घडण भिन्न हेतूंनी झाली होती. प्रीमियरला चित्र आणि आवाज एकत्र, वास्तव वेगाने वाजवून दाखवायचे होते. आफ्टर इफेक्ट्सला एकेक फ्रेम गणित करून रचायची होती, मग त्या फ्रेमला किती का वेळ लागेना. त्यामुळे आफ्टर इफेक्ट्समध्ये ध्वनीला दीर्घकाळ दुय्यम स्थान राहिले. स्पेसबार दाबला की चित्र संगणकाला झेपेल त्या गतीने आणि मुक्याने सरके. आवाजासह खरा वेग पाहायचा तर फ्रेम आधी स्मृतीत साठवून घेणारे ‘रॅम प्रिव्ह्यू’ चालवावे लागे. ज्या नवोदितांना हा भेद ठाऊक नसे, ते नसलेला दोष दुरुस्त करायला बसत आणि मूळचा जुळलेला आवाज सरकवून ठेवत. २०१५ मध्ये या पूर्वदर्शनाची रचना मुळातून बदलली आणि कोणत्या कळीवर आवाज वाजावा हे वापरणाऱ्याच्या हाती आले. तरीही जड कॉम्पोझिशन, म्हणजे अनेक थरांची रचना, साठवली जाण्यापूर्वी तिच्या चालीवरून सिंकचा निवाडा करणे आजही चुकीचेच आहे.

२००६ मध्ये आलेल्या ‘डायनॅमिक लिंक’ने मधली फाइल रेंडर करण्याची, म्हणजे गणित करून तयार करून घेण्याची, गरज दूर केली आणि एका सॉफ्टवेअरमधील रचना दुसऱ्याच्या टाइमलाइनवर थेट दिसू लागली. या सोयीने वेळ वाचला, पण दोघांतील एक मूलभूत भेद झाकला गेला. ‘इंटरप्रिट फुटेज’ ही आज्ञा, म्हणजे चित्रणाची गती अमुक आहे असे समजावे ही सूचना, दोन्हीकडे त्याच नावाने आहे. परंतु प्रीमियरमध्ये ती बदलली की चित्राबरोबर ध्वनीही ताणला जातो, आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये चित्र तेवढे ताणले जाऊन ध्वनी मूळ वेगानेच चालत राहतो. २५ फ्रेमची दहा मिनिटांची मुलाखत तेथे २४ ची मानली, तर १५,००० फ्रेमना ६२५ सेकंद लागतात आणि आवाज ६०० सेकंदांतच संपतो. हा फरक ठळक असल्याने लगेच पकडला जातो. खरा घात २४ आणि २३.९७६ यांच्या गफलतीने होतो, कारण तेथे दहा मिनिटांअखेर फरक जेमतेम ०.६ सेकंदाचा पडतो आणि पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या शीर्षकांत तर तो जाणवतही नाही.

स्मार्टफोनवरील चित्रण संकलनात येऊ लागल्यावर गुंता वाढला. फोन प्रकाश आणि ताण यांनुसार फ्रेमची गती कमीजास्त करतो. प्रीमियरमध्ये २०१८ च्या सुमारास अशा बदलत्या गतीचे चित्रण सांभाळण्याची सोय आली, पण आफ्टर इफेक्ट्स एक ठरावीक गती गृहीत धरून चालते आणि ध्वनी हळूहळू निसटतो. त्यातच एएसी या संक्षेपपद्धतीत ध्वनीच्या आरंभी रिकामे नमुने जोडले जातात. नेहमीच्या २,११२ नमुन्यांचा हा विलंब ४४ मिलिसेकंदांचा, म्हणजे २५ च्या गतीत एका फ्रेमहून थोडा अधिक भरतो, आणि तो वगळण्याची फाइलमधील सूचना जे सॉफ्टवेअर वाचत नाही त्यात तो तसाच राहतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाला तफावत कळू लागते. म्हणजे एकटा हा विलंब खपून जातो, दुसऱ्या चुकीत मिसळला की नाही.

निदानाची रीत या साऱ्या काळात बदललेली नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये ध्वनीचा थर निवडून ‘एल’ कळ दोनदा दाबली की लहर उघडते; चित्रात टाळीचे तळवे भिडतात ती फ्रेम आणि लहरीचा उभा सुळका यांतील अंतर आरंभी व अखेरीस मोजावे. ते दोन्हीकडे सारखे असेल तर ध्वनी तेवढा सरकवणे पुरे. वाढत गेले असेल तर गतींचा मेळ चुकला आहे, आणि तेथे आवाज सरकवत बसणे व्यर्थ होय. फोनवरचे चित्रण कामास घेण्यापूर्वीच स्थिर गतीत आणि ध्वनी ४८,००० नमुन्यांच्या डब्ल्यूएव्ही फाइलीत बदलून घ्यावा, कॉम्पोझिशनची गती टाइमलाइनशी जुळवावी, आणि मोशन ग्राफिक्समध्ये आवाज केवळ मोजमापासाठी नेऊन अंतिम ध्वनी संकलनाच्या टाइमलाइनवरच ठेवावा.