मुलीची जात, मुलग्याची जात

‘मुलीची जात आहे, दिवेलागणीच्या आत घरी ये,’ हे वाक्य जेथे कधीच ऐकू येत नाही असे घर मावळात शोधूनच काढावे लागेल. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, काळजी असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच घरातील मुलगा रात्री दहाला परतला, तर त्याला कोणी ‘मुलग्याची जात’ म्हणून बजावीत नाही. ‘जात’ म्हणजे येथे जन्माबरोबर आलेला स्वभाव. हा स्वभाव खरोखर जन्माने येतो, की घरच्यांच्या बोलण्याने घडतो? प्रश्न पंडिती वाटेल, पण तो तसा नाही. कामशेतच्या मुलीने तळेगावच्या कॉलेजात जावे की पुण्याच्या, प्रात्यक्षिके उशिरापर्यंत चालणारा विषय घ्यावा की नाही, हे पुष्कळदा तिच्या बुद्धीवरून ठरत नाही. परतीची लोकल किती वाजता स्टेशनात शिरते यावरून ठरते.

स्वभाव घडतो कसा, ते आपल्या भातखाचरांतच पाहावे. चिखलणीला औत धरायचे ते पुरुषाने, दिवसभर चिखलात वाकून रोपे लावायची ती बाईने, अशी जुनी वाटणी. ‘औत धरायला ताकद लागते,’ असे तिचे समर्थन होई. पुढे औत मागे पडले, पॉवर टिलर आला. पण त्याची मूठही बहुतेक ठिकाणी पुरुषाच्याच हाती गेली, आणि कंबर मोडणारी लावणी बाईकडेच राहिली. म्हणजे ताकदीचे कारण मागाहून शोधलेले होते! स्वयंपाकाचेही तेच. घरची चूल बाईची. पण लग्नकार्यात पाचशे पानांचा स्वयंपाक करणारा आचारी मात्र पुरुष. मजुरी मिळाली की तेच काम पुरुषाला शोभू लागते. सातव्या वर्षापासून पोळपाटापुढे बसलेल्या मुलीचा हात सतराव्या वर्षी सफाईने फिरतो. आपण म्हणतो, ‘मुलींना हे उपजतच येते.’ दहा वर्षांचा सराव आपण हिशेबातच धरीत नाही.

2019 साली देशभर झालेल्या सरकारी वेळवापर पाहणीत असे दिसले, की घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे जातात, आणि पुरुषांची 97. तीही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची; असे पुरुष शंभरांत 26 निघाले. जी मुलगी परीक्षेच्या दिवसांतही भांड्यांपासून सुटत नाही, तिच्या अभ्यासाचे तास कोठे गेले हे यावरून उमजेल. आणि 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील 20 ते 24 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे 22 जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच झालेले होते. त्यांच्यापुरता प्रश्न तेथेच मिटला.

याउलटचे उदाहरण आपल्या रुळांवरूनच गेले आहे. सातारा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या सुरेखा यादव 1980 च्या दशकाच्या अखेरीस मध्य रेल्वेत साहाय्यक ड्रायव्हर झाल्या. आशियातील पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्या ओळखल्या जातात. मालगाड्या, मुंबईच्या लोकल असे करीत त्या घाटातील गाड्यांपर्यंत आल्या, आणि 8 मार्च 2011 रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली. ती गाडी कामशेतला थांबत नाही. पण बोरघाट उतरताना गाडीला चालक पुरुष आहे की बाई हे कळत नाही, कळते ते फक्त त्याला ब्रेक किती जपून लावता येतो ते. 2025 मध्ये त्या निवृत्त झाल्या.

मुलीचे नुकसान निदान डोळ्यांना दिसते. मुलग्याचे दिसत नाही, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. ‘बायकांसारखा रडतोस काय?’ हे तो पाचव्या वर्षी ऐकतो, आणि त्यानंतर मनातले सांगणेच सोडून देतो. नोकरी मिळाली नाही, नापास झाला, कोणी हिणवले, तरी तो कट्ट्यावर हसत बसतो. आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्या दहांमध्ये सात पुरुष असतात. त्याची कारणे अनेक आहेत. पण तोंड मिटून सोसणे म्हणजेच पुरुषार्थ, ही शिकवण त्यांतून वगळता येईल असे आम्हांस वाटत नाही.

नवल हे, की ही शिकवण आपल्या मातीतली म्हणावी तर तसेही नाही. याच इंद्रायणीकाठी, खाली देहू-आळंदीला, ज्ञानोबांना आणि विठ्ठलालाही ‘माउली’ म्हणतात. मिशीवाले वारकरी एकमेकांना माउली म्हणून पायां पडतात. जनाबाईच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला ही कथा आपण भक्तीने ऐकतो, आणि घरी येऊन पाण्याचा तांब्या सुनेकडे मागतो! साने गुरुजींच्या हळवेपणाची पुष्कळांनी थट्टा केली. पण 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले ते हेच हळवे गुरुजी, आणि मंदिर खुले झाले.

शाळेने अलीकडे एक पाऊल टाकले आहे. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकांतील चित्रे बदलली. आईबरोबर वडीलही भाजी निवडीत बसलेले त्यांत दिसू लागले, डॉक्टर म्हणून बाई दिसू लागली. काहींना ते चित्र हास्यास्पद वाटले. ते पाहून शिकलेली पहिली मुले आता माध्यमिक शाळेत आहेत. संध्याकाळी ती घरी पोचतात तेव्हा मेथीची जुडी कोणापुढे टाकलेली असते, ते ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.