तंतुवाद्यनिर्मिती, मिरजेची

महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील मिरज या गावी चालणारा एक परंपरागत हस्तव्यवसाय. तंबोरा व सतार ही येथील प्रमुख वाद्ये असून त्यांखेरीज इतर तंतुवाद्येही येथे बनविली व दुरुस्त केली जातात. हिंदुस्थानी संगीताच्या मैफलींत ‘मिरजेचा तंबोरा’ ही संज्ञा रूढ आहे. मोठा भोपळा, साधा पण भारदस्त बांधा व दीर्घकाळ टिकणारी आस ही त्याची वैशिष्ट्ये मानली जातात. १८१८ नंतर मिरज हे पटवर्धन घराण्याच्या संस्थानाचे गाव होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात ते समाविष्ट झाले. या जिल्ह्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव देण्यात आले.

इतिहास : हा व्यवसाय करणारी घराणी मूळची शिकलगार होत. तलवारी, कट्यारी, भाले इ. शस्त्रांना धार व झिलई देणे, त्यांच्या मुठी बसविणे आणि त्यांची दुरुस्ती करणे हे शिकलगारांचे परंपरागत काम. १८१८ मध्ये पेशवाई संपली, १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि १८७८ च्या शस्त्रविषयक अधिनियमाने शस्त्रे बाळगण्यावर कडक निर्बंध आले. सैन्ये विसर्जित झाली तशी शस्त्रांवर चालणारी उपजीविकाही आटली. अशा काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, फरीदसाहेब शिकलगार व त्यांचे बंधू मोहिनुद्दीन यांनी वाद्यांच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले आणि त्यातून पुढे स्वतंत्र निर्मिती सुरू झाली, अशी या घराण्यांची परंपरा सांगते. कालांतराने वंशजांनी ‘सतारमेकर’ हे आडनाव धारण केले व त्यांच्या वस्तीलाही तेच नाव पडले.

हे स्थित्यंतर वरकरणी दिसते तितके आकस्मिक नाही. हत्याराला नेमकी धार देणाऱ्या कारागिराजवळ दोन गोष्टी असतातच : कानस व पटाशी यांवर बसलेला हात आणि पृष्ठभागाचा सूक्ष्म उंचसखलपणा ओळखणारी नजर. तंबोऱ्याची जवारी काढताना याच दोन्हींची गरज लागते. शस्त्रे कालबाह्य झाल्यावर कारागिरांनी अन्य कलेकडे वळल्याची उदाहरणे इतरत्रही आढळतात. कच्छमध्ये धनुष्ये बनविणारे व रंगविणारे कमानगर भित्तिचित्रांकडे वळले आणि त्यांची चित्रशैली कमानगरी या नावानेच ओळखली जाऊ लागली.

मिरजेत या व्यवसायाला पोषक असे सांगीतिक वातावरण होते. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे येथे वास्तव्य होते आणि विष्णु दिगंबर पलुसकर यांचे शिक्षण त्यांच्याकडे येथेच झाले. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संगीतविद्यालयांचा प्रसार होऊ लागला तशी तंबोऱ्यांची मागणीही वाढली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी उत्तरायुष्यात मिरज हे आपले गाव मानले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते व स्वरांच्या सूक्ष्म शुद्धतेविषयी त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. मिरजेतील मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले असून तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतोत्सव होतो.

साहित्य : तंबोऱ्याचा ध्वनिपेटीचा भाग कडू भोपळ्यापासून करतात. हे भोपळे मुख्यत्वे सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर–मंगळवेढा परिसरातून येतात. पुरुष गायकांच्या तंबोऱ्यासाठी सु. १२० ते १३५ सेंमी. घेराचा, जाड सालीचा व डाग नसलेला भोपळा निवडतात. स्त्रियांच्या तंबोऱ्याची पट्टी उंच असल्यामुळे त्याचा भोपळा लहान व दांडी आखूड असते. दांडी, गळा व तबली यांसाठी तून या वृक्षाचे लाकूड वापरतात. ते वजनाला हलके, सरळ रेषांचे व कोरण्यास सुलभ असते आणि चांगले मुरल्यावर सहसा वाकडे होत नाही. खुंट्यांसाठी अधिक कठीण लाकूड लागते. दक्षिणेतील तंजावरच्या तंबोऱ्यात भोपळ्याऐवजी फणसाच्या लाकडाची कोरलेली पेटी असते.

रचना व कृती : भोपळा पूर्ण वाळल्यावर तो देठाच्या बाजूने कापतात. नंतर पाण्यात भिजवून मऊ करतात आणि आतील गर व बिया खरवडून काढतात. ओला असतानाच आत काठ्यांचे आधार देऊन त्याचे तोंड हव्या त्या गोलाईत ताणून धरतात व तसाच वाळू देतात. वाळल्यावर हा आकार कायम राहतो. तोंडावर लाकडी गळा बसवून त्याला पोकळ दांडी जोडतात आणि दांडीच्या उघड्या बाजूवर पट्टी चिकटवितात. भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली सपाट नसून किंचित फुगीर कोरलेली असते. तिची जाडी कारागीर बोटांनी ठोकून, आवाजावरून ठरवितो. तबली फार जाड राहिल्यास नाद दबतो आणि फार पातळ झाल्यास तारांच्या दाबाने ती खचते. सांधा झाकण्यासाठी कोरीव लाकडी पाने लावतात. शेवटी रंग व पॉलिश देऊन घोडी, अटी, तारगहन, खुंट्या व मणी बसवितात.

वाद्यातील लाकडाचे कार्य संयुक्त धनुष्याशी ताडून पाहिल्यास स्पष्ट होते. तुर्की धनुष्याचा गाभा मॅपलच्या लाकडाच्या तुकड्यांचा असतो. हे तुकडे भिजवून व उष्णता देऊन वाकवितात, साच्याला बांधून वाळवितात आणि मुठीपाशी पाचरीच्या सांध्याने सरसाने जोडतात. गाभ्याच्या पोटाकडील बाजूस म्हशीचे शिंग व पाठीकडील बाजूस स्नायुतंतू चिकटवितात. धनुष्य ओढले असता शिंगावर दाब व स्नायूंवर ताण येतो. लाकूड या दोहोंच्या मध्ये असल्याने त्यावर तुलनेने थोडाच भार पडतो. त्याचे मुख्य काम आकार राखणे व दोन्ही थरांना धरून ठेवणे हे होय. तंबोऱ्यात मात्र तारांचा सर्व ताण लाकडालाच सोसावा लागतो. धनुष्याचे लाकूड लवावे लागते, तर तंबोऱ्याची दांडी मुळीच लवता कामा नये. ती लवली, तर स्वर उतरतात. मात्र भिजवून घडविणे, आकारात जखडून वाळविणे व घाई न करता मुरू देणे ही तत्त्वे दोन्ही कारागिऱ्यांत समान आहेत.

जवारी : तंबोऱ्याला सामान्यतः चार तारा असतात. पहिली पंचमात किंवा मध्यमात, मधल्या दोन षड्जात व चौथी, पितळेची, खर्जाच्या षड्जात मिळवितात. तारा रुंद घोडीवरून जातात. घोडीचा पृष्ठभाग अत्यंत मंद उतार देऊन घासलेला असतो, त्यामुळे कंप पावणारी तार त्याला पुनःपुन्हा निसटता स्पर्श करते. तार व घोडी यांच्यामध्ये जीवा म्हणजे सुताचा धागा सरकवून हा स्पर्श नेमका साधतात. त्यातून अधिस्वरांनी समृद्ध असा झंकार उत्पन्न होतो. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्यांचा निस्पंद येतो, ते अधिस्वर नियमानुसार ऐकू येऊ नयेत. तंबोऱ्यात ते स्पष्टपणे उमटतात, असे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. वापराने घोडीवर चरे पडतात व जवारी पुन्हा काढावी लागते. हे काम मापयंत्राने नव्हे, तर कानाने होते. वाद्य बांधणारे हात अनेक असले, तरी उत्तम जवारी काढणारे थोडेच असतात.

सद्यःस्थिती : पूर्वी घोडी व सजावट यांसाठी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे व त्यातील पुढील सुधारणांमुळे हा वापर बंद झाला. त्यांची जागा हाड, कठीण लाकूड व कृत्रिम द्रव्ये यांनी घेतली. भोपळ्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. कडू असल्याने तो भाजी म्हणून विकता येत नाही. वाद्यकारागीर हाच त्याचा मुख्य ग्राहक असल्याने नगदी पिकांपुढे त्याची लागवड टिकविणे शेतकऱ्याला कठीण जाते, आणि अवकाळी पावसाने वेल कुजले की वर्षभराचा साठा हातचा जातो. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला व पुढे भ्रमणध्वनीवरही तंबोऱ्याचा नाद उपलब्ध झाला. रियाजासाठी लागणाऱ्या वाद्यांच्या मागणीवर त्याचा परिणाम होणे अपरिहार्य होते.

२०२४ मध्ये मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा यांना स्वतंत्र भौगोलिक मानांकने मिळाली. त्यामुळे इतरत्र बनलेली वाद्ये या नावाने विकण्यास कायद्याचा प्रतिबंध झाला. नावाला असे संरक्षण मिळाले, तरी कौशल्याचे रक्षण कायद्याने होत नाही. जवारीचे ज्ञान लेखी नाही. ते वडिलांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे ऐकत आत्मसात करावे लागते. शस्त्रांची मागणी संपली तेव्हा शिकलगारांना आपल्या हातातील कसब दुसऱ्या वस्तूत उतरविता आले. आज मागणी पूर्णपणे संपलेली नाही. प्रश्न आहे तो पुढील पिढी या कामाकडे उपजीविका म्हणून पाहू शकेल की नाही, हा. मैफलीत गायकाच्या मागे दोन तंबोरे जुळवून ठेवण्याची प्रथा जोवर टिकून आहे, तोवर या व्यवसायाला आधार राहील.