गाळातील बिऱ्हाडे आणि मीठ

सिद्धेश्वर तलावाच्या काठी फिरावयास जाणाऱ्यांना गोड्या पाण्याखालचा काळा गाळ काही नवा नाही. अशा गाळात काठी खुपसली की बुडबुडे वर येतात. त्यांत मुख्यतः मिथेन, म्हणजे दलदलीचा वायू असतो. इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी १७७६ साली व्होल्टा यांनी हाच वायू गोळा केला व तो पेटतो हे दाखविले. पण कोकणातल्या एखाद्या खाजणात काठी खुपसून पाहा. तेथे सडक्या अंड्यांचा वास प्रथम नाकात शिरतो. गाळ दोन्हीकडे काळाच, मग वायू निराळा का?

गाळात थोडे खाली गेले की प्राणवायू संपतो. तेथील जंतू पालापाचोळा कुजवून हायड्रोजन व असेटिक आम्ल तयार करतात. या शिध्यावर डोळा ठेवून दोन बिऱ्हाडे असतात. एक मिथेन करणाऱ्यांचे; दुसरे प्राणवायूऐवजी सल्फेटवर श्वसन करणाऱ्यांचे, आणि तो दुर्गंध यांचाच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात व त्यांत पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट. ते मिळाले की दुसरे बिऱ्हाड हायड्रोजन इतका चाटूनपुसून नेते की पहिल्याची उपासमार होते. गोड्या पाण्यात सल्फेट तुटपुंजे, म्हणून तेथे मिथेनवाल्यांचे राज्य.

पण मिठाचा दुसरा जाच याहून मोठा आहे. लोणच्यातल्या कैरीला जसे पाणी सुटते, तसे खारट पाणी पेशीतून पाणी ओढून घेते. तग धरण्यासाठी कित्येक जंतू ग्लायसीन बीटेनसारखे पदार्थ पेशीत साठवितात, आणि तो खर्च तुटपुंज्या मिळकतीत भागत नाही. अतिखारट गाळातले मिथेनवाले म्हणून बहुधा मेथिलअमाइनवर जगतात. त्याला दुसरे बिऱ्हाड फारसे तोंड लावीत नाही. गंमत अशी की हे मेथिलअमाइन पुष्कळदा त्या ग्लायसीन बीटेनपासूनच होते. शेजाऱ्याचे चिलखत मोडून यांची चूल पेटते!

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर मात्र या हिशेबात सरळ बसत नाही. बसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील पाण्यात मिठाबरोबर सोडाही आहे. तेथून पुण्याच्या संशोधकांनी मिळविलेल्या एका अल्कप्रिय मिथॅनोसार्सिनाची हकीकत २००२ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा नुसता खारेपणा मोजून भागत नाही; कोणता क्षार, हेही विचारावे लागते. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, ते मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगाने, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. पण ती पाण्यातली मंडळी. गाळातल्यांशी त्यांची गल्लत नको. विवराच्या कडेचे गोडे झरे आणि पाऊस पाणी पातळ करीत गेले, तर वरचीच नव्हे, तळची बिऱ्हाडेही बदलतील. लोणार राखावयाचे म्हणजे हे खारेपणही राखावयाचे.

कोकणातल्या भातखाचरांत उलट घडते. खारबांध फुटून समुद्राचे पाणी आत साचले की सल्फेटवाल्यांना सुगी. मिथेन घटतो खरा, पण त्यांचा वायू वाढला तर भाताच्या मुळांना विषच. तांबड्या मातीतले लोह त्यातला बराचसा पकडून ठेवते व स्वतः काळे पडते.