पाठीवर इंजिन, समोर बर्फ

१९६५ च्या जानेवारीत माँटे कार्लो रॅलीला निघालेल्या गाड्यांना फ्रान्सच्या डोंगराळ भागात हिमवादळानं गाठलं. त्या काळी ही रॅली युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून सुटायची. गाड्या दिवसरात्र चालत एका ठिकाणी यायच्या आणि मग आल्प्समधले घाट ओलांडून मोनॅकोला पोचायच्या. त्या वर्षी बहुतेक गाड्या वाटेतच बाद झाल्या. पहिली आली ती टिमो मॅकिनेन या फिनलंडच्या ड्रायव्हरची इवलीशी मिनी कूपर एस. मिनीचं इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्या चाकांना. अशी गाडी बर्फात तग धरते हे तेव्हाही लोकांना ठाऊक होतं. नवल होतं ते दुसऱ्या नंबरचं. तिथे ऑयगेन ब्योरिंगर याची पोर्शे ९०४ होती. फायबरग्लासच्या अंगाची, जमिनीला जवळजवळ टेकलेली, मुळात रेसच्या ट्रॅकसाठी बांधलेली आणि ताकद फक्त मागच्या चाकांना देणारी ही गाडी. ब्योरिंगरच्या शेजारी बसला होता रोल्फ व्युटरिश. १९५५ मध्ये अभिनेता जेम्स डीन मोटार अपघातात गेला तेव्हा त्याच्या शेजारच्या सीटवर असलेला मेकॅनिक तो हाच.

याच रॅलीत पाचवी आली एक नवीकोरी गाडी, पोर्शे ९११. हर्बर्ट लिंगे आणि पेटर फाल्क हे पोर्शेच्याच पगारावरचे दोघे ती चालवत होते आणि ९११ ची ही पहिलीच मोठी स्पर्धा होती. जी गाडी पुढे स्पोर्ट्स कारचा मानदंड ठरली, तिची पहिली परीक्षा उन्हातल्या ट्रॅकवर नव्हे तर हिमवादळात झाली. ती केवळ योगायोगानं पास झाली नाही, असं मला वाटतं. तिच्या रचनेत एक गोष्ट अशी आहे की कोरड्या रस्त्यावर जो दोष मानला जातो तोच बर्फात कामाला येतो.

ती गोष्ट म्हणजे इंजिनची जागा. सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, जवळजवळ बंपरला लागून. त्यामुळे गाडीचं साधारण साठ टक्के वजन मागच्या चाकांवर पडतं आणि ताकदही त्याच चाकांना मिळते. मुंबईची जुनी टॅक्सी, प्रीमियर पद्मिनी, हीसुद्धा मागच्या चाकांवर चालणारी गाडी. पण तिचं इंजिन पुढे होतं. म्हणजे ढकलायचं काम मागच्या चाकांचं आणि ओझं मात्र पुढच्या चाकांवर. पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या अशा गाडीच्या डिकीवर माणसं का बसवायची, हे ज्यानं पाहिलंय त्याला ९११ चं गणित वेगळं समजवावं लागत नाही.

तरी थोडं गणित मांडतोच, कारण सगळं मर्म त्यात आहे. कोरड्या डांबरावर टायरची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त असते. दाबलेल्या बर्फावर ती वजनाच्या पाव भागावर येते आणि गुळगुळीत हिमावर, म्हणजे गोठलेल्या पाण्याच्या थरावर, दहा टक्क्यांपर्यंत घसरते. आता दाबल्या बर्फाचा पाव हिस्सा धरा. चारही चाकांना ताकद असलेली गाडी स्वतःच्या वजनाच्या पंचवीस टक्के जोर लावू शकते. इंजिन पुढे आणि ताकद मागे असलेल्या गाडीचं जेमतेम निम्मं वजन मागे असतं, म्हणजे तिचा जोर साडेबारा टक्के. ९११ चा पंधरा टक्के. फरक किरकोळ वाटेल. पण आठ मीटर पुढे जाताना एक मीटर चढणाऱ्या घाटात साडेबारा टक्के जोर तर नुसतं जागेवर टिकायलाच खर्च होतो. इंजिन पुढे आणि ताकद मागे असलेली गाडी तिथे चाकं फिरवत उभी राहते, ९११ चढते. शिवाय चढावर वजन आणखी मागे सरकतं. मिनीसारख्या पुढच्या चाकांच्या गाडीला सपाटीवर ९११ इतकाच जोर मिळतो, पण चढ लागला की पुढची चाकं हलकी होतात.

ही झाली पुढे जाण्याची बाजू. वळण्याची बाजू अवघड आहे आणि ९११ ची बदनामी तिथूनच सुरू झाली. मागे लोंबणारं जड इंजिन एकदा बाजूला सरकायला लागलं की थांबायचं नाव घेत नाही. सुरुवातीच्या काही गाड्यांत तोल साधण्यासाठी कारखान्यानं पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत ओतीव लोखंडाची वजनं बसवली होती. पुढे १९६९ च्या मॉडेलसाठी मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली, म्हणजे इंजिनचं लोंबणं तेवढं कमी झालं. दोष पूर्ण गेला नाही. तो ओळखून वापरायचा असतो, हे मात्र बर्फात चालवणाऱ्यांनी शिकून घेतलं.

बर्फातलं एक वळण कसं घेतात ते सावकाश पाहू. घाटातलं डावं वळण, रस्ता पांढरा. कोरड्या रस्त्यावर लावाल त्याच्या कितीतरी आधी, स्टिअरिंग सरळ असतानाच ब्रेक लावायचा. टायरकडे पकड ठरावीक पगारासारखी असते: जी थांबण्यात खर्च झाली ती वळायला शिल्लक उरत नाही. गिअर उतरवताना विशेष जपायचं. मागच्या चाकांच्या गाडीत इंजिनचा रोध फक्त मागच्या चाकांना बसतो. घाईनं खालचा गिअर टाकून क्लच एकदम सोडला तर हँडब्रेक ओढल्यासारखी मागची चाकं अडतात आणि गाडी वळणाआधीच आडवी होते. म्हणून गिअर टाकताना ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श करून इंजिनचे फेरे वाढवायचे, मग क्लच हळू सोडायचा.

आता स्टिअरिंग डावीकडे. इथे नवखा माणूस फसतो, कारण ९११ चं नाक हलकं असतं. स्टिअरिंग वळतं, पण गाडी सरळच जाते. घाबरून आणखी स्टिअरिंग फिरवलं तर पुढची चाकं नांगरासारखी बर्फ ढकलत राहतात. ॲक्सिलरेटर दिला तर वजन मागे जाऊन नाक अधिकच हलकं होतं. त्यामुळे मुरलेला चालक वळणात शिरताना ब्रेकवरचा पाय पूर्ण काढत नाही. किंचित दाब ठेवतो, नाकावर वजन येतं, पुढची चाकं बर्फात रुततात आणि त्याच क्षणी हलकी झालेली मागची बाजू उजवीकडे झोके घ्यायला लागते. हाच तो बदनाम झोका. कोरड्या रस्त्यावर, वेगात आणि अनपेक्षितपणे आला तर जीवघेणा ठरतो. इथे तो मुद्दाम बोलावलेला असतो. मागची बाजू सरकायला लागली की स्टिअरिंग हळूच उजवीकडे, म्हणजे घसरण्याच्या दिशेनं सोडायचं आणि ॲक्सिलरेटर मोजून उघडायचा. वजन पुन्हा मागे येतं, मागचे टायर दाबले जातात, झोका धरला जातो. इथून पुढे गाडीची दिशा हातांपेक्षा उजवा पाय जास्त ठरवतो. पाय थोडा जास्त पडला तर गाडी आणखी आतल्या बाजूला फिरते, थोडा उचलला तर सरळ होते. एकदम उचलला मात्र गिरकी ठरलेली.

स्वीडन आणि फिनलंडचे चालक याच्या आणखी एक पाऊल पुढे गेले. डावीकडे वळायचं असेल तर ते आधी क्षणभर उजवीकडे स्टिअरिंग देतात, गाडी एका बाजूला झुकते आणि परतीच्या हेलकाव्यावर तिला डाव्या वळणात सोडून देतात. हलक्या नाकाची आणि जड शेपटाची गाडी या युक्तीला विशेष दाद देते. वाचताना हे सर्कशीसारखं वाटेल. पण बर्फात सगळं कमी वेगात आणि सावकाश घडतं, चूक कळायला आणि सुधारायला वेळ मिळतो. जे शिकायला कोरड्या ट्रॅकवर भीतीदायक वेग लागतो ते इथे सायकलच्या वेगात शिकता येतं. मागच्या चाकांची गाडी कशी वागते हे समजून घ्यायला बर्फाइतका चांगला वर्ग नाही, हे माझं ठाम मत आहे.

या वर्गातून दोन मोठी नावं पुढे आली. लंडनचा व्हिक एलफर्ड आणि स्वीडनचा ब्योर्न वाल्डेगार्ड. १९६८ ची माँटे कार्लो रॅली एलफर्डनं डेव्हिड स्टोनला सोबत घेऊन ९११ टी मध्ये जिंकली, दुसरीही ९११ च आली आणि मिनी तिसरी. त्यानंतर काही दिवसांतच एलफर्ड अमेरिकेत डेटोनाची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या पोर्शेच्या चालकांत होता. बर्फाचा घाट आणि फ्लोरिडाचा ट्रॅक, दोन्ही एकाच हिवाळ्यात. १९६९ आणि १९७० ची माँटे कार्लो वाल्डेगार्डनं ९११ मध्ये जिंकली. जंगलातल्या निखळ बर्फावर होणारी स्वीडनची रॅली तर १९६८ पासून सलग तीन वर्षं त्यानं याच गाडीनं घेतली. १९७९ मध्ये रॅलीचा पहिला जागतिक विजेता चालक म्हणून त्याचं नाव लागलं.

दोन्ही रॅलींचा बर्फ मात्र वेगळा. स्वीडनमध्ये कडाक्याची थंडी, रस्ता सलग पांढरा, टायरना शेकडो लोखंडी खिळे ठोकलेले आणि कडेला बर्फाचे बांध, ज्यांना गाडीचा पार्श्वभाग टेकवून वळण घेता येतं. तिथे पकड कमी असली तरी ती एकसारखी असते. माँटे कार्लोत तसं काहीच नाही. तूरिनीचा घाट १६०७ मीटरवर जातो. खाली कोरडं डांबर, मध्ये ओल, एका वळणाच्या सावलीत काळं हिम, माथ्यावर बर्फ आणि पलीकडे उतारावर हे सगळं उलट्या क्रमानं. खिळ्यांचे टायर घेतले तर डांबरावर ते उपटून निघतात, साधे घेतले तर माथ्यावर गाडी उभी राहते. म्हणून स्पर्धकाच्या आधी त्याची माणसं तो घाट पार करतात आणि कोणत्या वळणात हिम आहे ते नोंदवहीत खुणा करून आणतात. त्यानंतरही भरवसा नाही, कारण तमाशा पाहायला जमलेले लोक कोरड्या रस्त्यावर फावड्यानं बर्फ टाकतात. मला या प्रकाराची चीड येते. २००५ मध्ये रॅलीचालक पेटर सोल्बर्गची गाडी तूरिनीवर अशाच बर्फावरून घसरली.

एक समज मात्र मोडायला हवा. बर्फातून सुखरूप जायचं तर चारही चाकांना ताकद हवी, असं सर्रास मानलं जातं. निघताना आणि चढताना ते खरं आहे, वरचं गणितच ते सांगतं. पण थांबताना प्रत्येक गाडीचे ब्रेक चारही चाकांना असतात. तिथे सगळ्या सारख्या. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबल्या बर्फावर तिला ४० मीटरच्या आसपास लागतात आणि गुळगुळीत हिमावर जवळजवळ १०० मीटर. हा आकडा ताकद कुठल्या चाकांना आहे त्यानं बदलत नाही, टायरनं बदलतो. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण सात अंशांखाली ते आपली पकड गमावू लागतं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात. त्या चिरांत बर्फ भरतो, आणि बर्फ बर्फाला जितका चिकटतो तितका रबराला चिकटत नाही. हिवाळी टायर लावलेली मागच्या चाकांची गाडी उन्हाळी टायरवरच्या चारचाकी ताकदीच्या गाडीपेक्षा मला केव्हाही जास्त विश्वासाची वाटते, निदान उतारावर तरी.

टायरची रुंदीही महत्त्वाची. पहिल्या ९११ चे टायर १६५ मिलिमीटर रुंद होते. आजच्या ९११ कॅरेरा एस चे मागचे टायर ३०५ मिलिमीटरचे आहेत. ट्रॅकवर ही रुंदी हवी. ताज्या बर्फात मात्र रुंद टायर वर तरंगतो आणि अरुंद टायर बर्फ कापून खालच्या टणक थरापर्यंत पोचतो. गाडीची उंचीही आड येते. बर्फ पोटाला लागला की गाडी त्यावर टेकते आणि चाकांवरचं वजन जातं. मग कुठल्याही इंजिनचा उपयोग नाही.

१९८१ मध्ये चारही चाकांना ताकद देणारी ऑडी क्वात्रो आली आणि हिवाळी रॅलींतलं मागच्या चाकांचं राज्य संपत चाललं. त्याआधी १९७८ मध्ये ज्याँ-पिएर निकोला यानं कारखान्याच्या संघाविना, खासगी ९११ घेऊन माँटे कार्लो जिंकली. तिच्या मागे पुढच्या चाकांच्या दोन रेनॉ होत्या. स्वीडनमध्ये मागच्या चाकांचा शेवटचा विजय १९८० चा, आंदेर्स कुलैंगच्या ओपेल अस्कोनाचा. माँटे कार्लोत वाल्टर र्‍योर्ल यानं १९८२ मध्ये अस्कोना आणि १९८३ मध्ये लान्चिया ०३७ घेऊन क्वात्रोला मागे टाकलं, पण ती दोन्ही वर्षं बर्फ कमी होता. १९८४ मध्ये पहिल्या तिन्ही जागा क्वात्रोंनी घेतल्या. पोर्शेनंही १९८९ च्या मॉडेलमध्ये चारही चाकांची ९११ विकायला काढली.

आता नव्या ९११ मध्ये घसरण ओळखून चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणारी यंत्रणा असते आणि तिनं अनेक जीव वाचवले असतील यात मला शंका नाही. पण फिनलंडमधल्या लेव्हीला पोर्शे जे हिवाळी प्रशिक्षण देते, किंवा स्वीडनमधल्या आर्येप्लॉगच्या गोठलेल्या तळ्यांवर गाड्यांच्या ज्या चाचण्या चालतात, तिथे ती यंत्रणा बंद करूनही गाडी चालवतात. ऑस्ट्रियातल्या झेल आम झे इथली बर्फावरची जुनी शर्यत २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि तिथे साठच्या दशकातल्या ९११ खिळ्यांच्या टायरवर आडव्या होऊन वळणं घेताना दिसतात.

रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचा खरा शत्रू बर्फ नसून त्यावर टाकलेलं मीठ आहे. १९७६ च्या मॉडेलपासून ९११ च्या पोलादी पत्र्याला जस्ताचं पाणी चढवू लागले. त्याआधीच्या गाड्या मिठानं तळातून खाल्ल्या जातात. जर्मनीत काही महिन्यांपुरतीच वैध असलेली हंगामी नंबरप्लेट मिळते आणि बरेच मालक जुनी ९११ ऑक्टोबरअखेर गॅरेजमध्ये ठेवून वसंतात बाहेर काढतात. मला त्यांची काळजी समजते. तरी जो माणूस हिवाळी टायर चढवून, पत्र्याला खालून मेण मारून, पहिला बर्फ पडल्यावर गाडी बाहेर काढतो आणि घरी आल्यावर पाण्याच्या फवाऱ्यानं मीठ धुऊन टाकतो, तो ती गाडी तिच्या पहिल्याच स्पर्धेत जशी चालली तशी चालवतो आहे.