पायऱ्या असलेलं पाणी

मेणवलीच्या घाटावर मे महिन्यात सकाळी सातलाच पोरांचा कालवा सुरू होतो. मागच्या उन्हाळ्यात तिथे एक आजोबा नातवाच्या पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधत होते. दोरीचे काखेखालून दोन वेढे, गाठ पोटावर, आणि कॅनचं बूच पुन्हा एकदा पिळून पाहिलेलं. पूर्वी कॅनच्या जागी सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा असे. "आज तिसऱ्या पायरीपर्यंतच हं," आजोबांनी बजावलं.

घाट म्हटलं की आपल्याला स्नान आणि देवदर्शन आठवतं. पण कृष्णाकाठच्या कित्येक पिढ्या घाटाच्या पायऱ्यांवरच पोहायला शिकल्या. पहिल्या पायरीवर पाणी घोट्याला, पुढे गुडघ्याला, मग कमरेला. ठाव कुठे सुटतो ते पायालाच कळतं. सूर आणि मुटका त्यानंतरचे.

मेणवलीचा हा चंद्रकोरीसारखा घाट नाना फडणवीसांचा. शेजारच्या देवळात टांगलेली पोर्तुगीज घंटा १७३९च्या वसई मोहिमेतली. जवळच वाईला रास्त्यांनी १७६२ मध्ये ढोल्या गणपतीचं देऊळ बांधलं, तेव्हा त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं. नदीच्या स्वभावाचा असा अभ्यास करून बांधणारी ती माणसं होती. साताऱ्याजवळ लिंब इथली बारा मोटांची विहीर त्याच शतकातली. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. आमराईला पाणी देण्यासाठी बांधलेल्या या विहिरीतही पाण्यापर्यंत जायला पायऱ्या आहेतच. मुलांना ती जरूर दाखवावी.

वरच्या महाबळेश्वरात पाण्याशी आपलं नातं बदलतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम जिथे मानतात, तिथे येणारं कुटुंब पाणी बघतं ते बहुतेक होडीतून. वेण्णा तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये गावाच्या पाण्यासाठी बांधवला. आज तो नौकाविहाराचा. खाली तापोळ्याला कोयना धरणाचा शिवसागर पसरलेला. होडीतून तो पाहण्यासारखाच आहे.

धोका आहे तो काठावरून सहज पाण्यात उतरण्यात. धरणाचा जलाशय म्हणजे बुडालेली दरी. कोयनेची भिंत १०३ मीटर उंच आहे, यावरून मागे साठलेल्या पाण्याची खोली ओळखावी. काठ म्हणजे डोंगराचा उतारच. दोन पावलं कमरेइतकी, तिसऱ्याला ठाव नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाला गाळ उघडा पडतो आणि पाय रुततो. वरचं पाणी कोमट लागतं, खोल गेलं की एकदम गार, आणि गारठ्याने पायात गोळा येतो. इथे मधली पायरीच नाही. जलतरण तलावात पोहणारा शहरातला तरुण इथे फसतो तो यामुळेच, अंगात बळ कमी म्हणून नव्हे.

नदीलाही आता धरणाची वेळ सांभाळावी लागते. वाईच्या वर धोम धरण आहे. तिथून पाणी सोडलं की खालची पातळी बघता बघता चढते. म्हणून घाटावरसुद्धा गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नये.

या सुट्टीत महाबळेश्वरला निघालात, तर वाटेत दोन दिवस वाईला काढा. पोहणारं जाणतं माणूस बरोबर घ्या, मुलाच्या पाठीला काहीतरी तरंगणारं बांधा आणि त्याला पहिल्या पायरीवर उभं करा. शिवसागर होडीतूनच बघा.