थंडीने दिलेली रजा

व्यापारी कुटुंबांत ‘सुट्टी’ हा शब्द जरा संकोचानेच उच्चारला जातो. एखाद्या दिवशी दुकानाचे शटर वर गेले नाही, तर घरात कोणी आजारी तर नाही ना, अशी चौकशी शेजारचा दुकानदार करतो. विनाकारण मिळालेला मोकळा वेळ आपल्याला सुखावण्याऐवजी अस्वस्थ करतो. अशा आपल्या समाजाने एका दूरच्या शहरातील दोन दिवसांच्या सक्तीच्या सुट्टीची हकिकत जाणून घेणे उद्बोधक ठरावे.

ते शहर म्हणजे अमेरिकेतील शिकागो. आपल्याला ते अनोळखी नाही. १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची ओळख पाश्चात्त्य जगाला करून दिली ती याच शहरात. आज तेथील बार्टलेट या उपनगरात भव्य जैन मंदिर आहे आणि त्याच्या परिसरात अनेक जैन कुटुंबे स्थिरावली आहेत.

जानेवारी २०१९ च्या अखेरीस या शहरावर थंडीचे मोठे संकट आले. उत्तर ध्रुवाभोवती अतिउंचावर थंड हवेचा प्रचंड भोवरा फिरत असतो. त्या वर्षी उंचावरील वातावरण एकाएकी तापल्याने तो भोवरा दुभंगला आणि ध्रुवावरील गोठवणारी हवा दक्षिणेकडे उतरली. बुधवार, ३० जानेवारीला शिकागोचे तापमान उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत घसरले. भर दुपारीही ते उणे २३ च्या वर गेले नाही. वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारा गारवा तर उणे ४६ अंशांच्या आसपास होता. अशा हवेत उघडी त्वचा पाच-दहा मिनिटांत गोठू लागते. टपाल वाटप थांबले. रेल्वेचे सांधे चालू राहावेत म्हणून रुळांजवळ गॅसच्या ज्वाला पेटवाव्या लागल्या. शहरातील सार्वजनिक शाळा ३० व ३१ जानेवारी असे दोन दिवस बंद राहिल्या आणि साडेतीन लाखांहून अधिक मुले घरी थांबली.

आमच्या परिचयातील एका मराठी कुटुंबाची कन्या तेथे एका शाळेत गणित शिकवते. आदल्या संध्याकाळी शाळा बंद असल्याचा निरोप आला, तेव्हा तिच्या मनात प्रथम आनंदच दाटून आला. तिकडची मुले अशी सुट्टी मिळावी म्हणून रात्री कपडे उलटे घालून, उशीखाली चमचा ठेवून झोपतात. “शिक्षकसुद्धा मनातल्या मनात तो चमचा ठेवतातच,” असे ती हसत म्हणाली. पहिल्या दिवशी ती उजाडेपर्यंत झोपली. नळातील पाणी गोठून नळ फुटू नये म्हणून पाण्याची बारीक धार सोडून ठेवणे, एवढेच काय ते काम. मग घाई न करता वरण-भात रांधला, अर्धवट राहिलेले पुस्तक वाचले आणि सासूबाईंशी घड्याळाकडे न पाहता फोनवर बोलली. तपासायच्या उत्तरपत्रिका पिशवीतच राहिल्या. “ठरलेल्या सुट्टीत आधीच कामे भरून ठेवलेली असतात. ही सुट्टी कोरी मिळाली,” हे तिचे वाक्य मला फार अर्थपूर्ण वाटले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या आनंदाला एक बोच लागली. शिकागोच्या सार्वजनिक शाळांत मुलांना न्याहारी व दुपारचे जेवण विनामूल्य मिळते. शाळा बंद म्हणजे काही घरांत ते जेवणही बंद. शिवाय ज्या आईबापांना रोजंदारीवर जाणे भाग होते, त्यांच्या मुलांकडे कोण पाहणार? तिने आपल्या वर्गातील चार-पाच घरी फोन करून विचारपूस केली. त्याच दिवसांत एका स्थावर मालमत्ता व्यवसायातील तरुणीने रस्त्यावर राहणाऱ्या निराधारांसाठी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर हॉटेलच्या तीस खोल्या घेतल्या. ते पाहून इतरांनीही पैसे दिले आणि खोल्यांची संख्या वाढत गेली. सुट्टी एकाची चैन असते, तर दुसऱ्याचे संकट. या दोहोंना जोडणारा पूल म्हणजे दान.

येथे एक प्रश्न उभा राहतो. उत्तराध्ययन सूत्रात भगवान महावीरांनी गौतमस्वामींना क्षणभरही प्रमाद न करण्याचा उपदेश केला आहे. मग रिकामे बसणे हा प्रमाद नव्हे काय? याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. अखंड विहार करणारे आपले साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी थांबतात, कारण पावसाळ्यात पदोपदी जीवहिंसा होण्याचा संभव असतो. ते थांबणे आळसातून येत नाही, जीवदयेतून येते. मुलांचे हातपाय गोठू नयेत म्हणून शाळा बंद ठेवणे हीही त्याच जातीची गोष्ट आहे. सामायिकात आपण ४८ मिनिटे सर्व व्यवहार बाजूला ठेवतो. ती मिनिटे कोणी वाया गेली असे म्हणत नाही. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. सावध मनाने घेतलेली विश्रांती त्यात मोडत नाही.

बँकिंगच्या दृष्टीनेही या विषयाला एक बाजू आहे. इलिनॉय राज्यातील शाळांच्या वेळापत्रकात अशा आपत्तीसाठी पाच दिवस आधीच राखून ठेवलेले असतात. वापरले गेले तर वर्षाच्या शेवटी भरून काढायचे. हा वेळेचा राखीव निधीच होय. आपल्या पेढ्यांत पैशाची तरतूद असते, वेळेची तरतूद कोणी करत नाही. रिझर्व्ह बँकेने तर संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, पूर्वसूचना न देता सक्तीच्या रजेवर पाठवण्याचा नियम केला आहे. गैरव्यवहार उघडकीस यावेत हा त्याचा हेतू. परंतु त्यातून दुसरीही गोष्ट कळते. एक माणूस दूर झाला की कोणते काम अडते, हे त्या दहा दिवसांत स्पष्ट दिसते. ज्या दुकानात मालक नसताना गल्ला, उधारी आणि माल यांचा मेळ बसतो, तेच दुकान पुढच्या पिढीच्या हाती निर्धास्तपणे सोपवता येते.

आता अशा कोऱ्या सुट्ट्या तेथेही दुर्मीळ होत आहेत. करोनानंतर अनेक ठिकाणी हवामान बिघडले की शाळा ऑनलाइन भरते. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये हिमवर्षावामुळे तसा प्रयोग झाला, तेव्हा असंख्य मुलांना प्रणालीत प्रवेशच मिळेना. आपल्याकडेही मोबाइलमुळे दुकान जेवणाच्या ताटापर्यंत आले आहे.

आपल्या गावात उणे तीस अंशांची थंडी पडणार नाही. त्यामुळे आपली रजा आपणच मंजूर करायला हवी. वर्षाच्या हिशेबात दोन-तीन दिवस घरातील कर्त्या माणसासाठी राखीव ठेवावेत. ते कोणते, हे मुलांनी वा सुनांनी आदल्या रात्री सांगावे. त्या दिवशी किल्ल्या मुलाकडे, मोबाइल कपाटात. सकाळी निवांत सामायिक, दुपारी नातवंडे. मात्र दुकानातील नोकराचा त्या दिवसाचा पगार कापू नये. आपली विश्रांती दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन मिळालेली नसावी, एवढे भान ठेवले तर ती सुट्टी खऱ्या अर्थाने जमेच्या बाजूस लिहिता येईल.