चारशे दोन मीटर आणि त्याआधीचा धूर

शर्यत सेकंदांत मोजतात, हे मावळातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. घाटात बारी सुटते, घड्याळ चालू होतं आणि कोणता बैलगाडा किती सेकंदांत वर पोचला यावर घाटाचा राजा ठरतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. घाट बंद होते त्या वर्षांत लोणावळ्याच्या पलीकडे, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर, सरळ रेषेतली दुसरी एक शर्यत, गाड्यांची ड्रॅग शर्यत, नावारूपाला येत होती. एलिट ऑक्टेनने भरवलेली ‘द व्हॅली रन’. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. एका वेळी दोन गाड्या, समोर दिव्यांचा खांब.

अशा शर्यतीला पहिल्यांदा जाणारा माणूस धूर पाहून येतो आणि घरी येऊन धुराचंच वर्णन करतो. बर्नआउट, म्हणजे सुटण्याआधी चाक जागच्या जागी फिरवून धूर काढणं, हा प्रेक्षकांसाठीचा तमाशा आहे, असा समज त्यातूनच पसरला. खरं तर शर्यतीतला तो सर्वांत काटेकोर भाग आहे.

ड्रॅगचा खास टायर, म्हणजे स्लिक, मऊ रबराचा आणि बिनखाचांचा असतो. थंड असताना हे रबर ताठ राहतं. तापलं की ते रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत शिरतं आणि चिकटून धरतं. चाक जागच्या जागी फिरवलं की घर्षणाने वरचा थर तापतो, टायरला चिकटलेली माती आणि खडी झडते आणि खाली रबराचा पातळ लेप बसतो. पुढच्या काही सेकंदांत गाडी त्याच लेपावरून सुटली तर पकड आणखी वाढते. धावपट्टीवर याची गरज जास्त, कारण ती विमानांसाठी बांधलेली असते. कायमच्या ड्रॅग ट्रॅकवर सुरुवातीच्या पट्ट्यात राळेसारखं चिकट रसायन मारतात आणि वर्षानुवर्षांचं रबर बसलेलं असतं. डोंगरातल्या पट्टीवर असते धूळ. थंडीतली सकाळची गार हवा इंजिनाला मानवते, टायरला मात्र नाही. त्यात सहाशे-सातशे मीटर उंचीवर हवा विरळ, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद समुद्रसपाटीपेक्षा कमीच भरते. उरलेली ताकद चाकाखाली वाया जाऊ द्यायची नसेल, तर टायर नीट तापवायलाच हवा.

पण गाडी पुढे न जाता फक्त मागची चाकं फिरवायची कशी? एक पाय ब्रेकवर आणि एक ॲक्सिलरेटरवर ठेवला तर मागचे ब्रेकही आवळले जातात आणि जळून जातात. यावरचं उत्तर अमेरिकेत निघालं आणि हर्स्ट कंपनीमुळे ते घरोघरच्या गॅरेजात पोचलं: लाइन लॉक. मास्टर सिलिंडरकडून पुढच्या ब्रेकना जाणाऱ्या नळीत विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह बसवतात. ब्रेक दाबायचा, बटण दाबून धरायचं, पाय काढायचा. पुढच्या नळीतला दाब तसाच कोंडून राहतो, मागची चाकं मोकळी होतात. पाण्याने भिजवलेल्या पट्ट्यात ती सहज घसरायला लागतात, मग कोरड्यावर सरकली की तापतात. बटण सोडलं की गाडी मोकळी. २०१५ च्या मस्टँग जीटीमध्ये तर फोर्डने हीच सोय कारखान्यातूनच, इलेक्ट्रॉनिक रूपात दिली.

पाण्याच्या आधी या पट्ट्यात काय काय ओतून पाहिलं गेलं! कपडे धुण्याचं ब्लीच, अगदी पेट्रोलसुद्धा. वाफांनी डोळे-फुप्फुसं भाजली, आगी लागल्या, तेव्हा कुठे पाण्यावर सगळे स्थिरावले.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. इथल्या शर्यतींत उतरणाऱ्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान पुढच्या चाकांवर चालतात. त्यांना मागची चाकं धरून पुढची फिरवायची असतात. त्यांच्या ब्रेकची मांडणी तिरकी असते, पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं एक चाक अशा दोन जोड्या. त्यामुळे एका व्हॉल्व्हने काम भागत नाही. म्हणून आपली मुलं हँडब्रेक खेचतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. नव्या गाड्यांत हँडब्रेकच्या जागी बटण आलं आणि ॲक्सिलरेटर दाबताच तो ब्रेक आपोआप सुटतो, त्यामुळे हा मार्गही अरुंद होत चाललाय. मोटरसायकलवाल्याला यातलं काहीच लागत नाही. पुढचा ब्रेक बोटांत, क्लच सोडला की मागचं चाक फिरतं. बेंगळुरूचा हेमंत मुद्दप्पा अनेकदा राष्ट्रीय ड्रॅग विजेता झाला तो मोटरसायकलवरच.

साध्या रस्त्यावरच्या टायरला मात्र लांब बर्नआउट देऊ नये. कडक रबर जास्त तापलं की तेलकट होतं आणि पकड उलट घटते. खाचांत भरलेलं पाणी सुटण्याच्या रेषेवर येऊन गळतं, म्हणून असे टायर असतील तर पाण्याला वळसा घालून जावं. धूळ झडेल इतका छोटा झटका पुरतो. जाणता चालक धुराचे लोट उठेपर्यंत थांबत नाही.

हे सगळं ज्या मावळ तालुक्यात सांगायचं, तिथे जाणत्यांची वाण नाही. वराळ्याच्या आसपास अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, तळेगावला जनरल मोटर्सने उभारलेला आणि आता ह्युंदाईकडे असलेला कारखाना आहे, शेजारच्या तालुक्यात चाकणला ब्रिजस्टोन टायर बनवते. संध्याकाळी या रस्त्यांवर काळे वर्तुळाकार पट्टे दिसतात, तेव्हा माझा जीव खाली-वर होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. पण कंटेनरच्या रांगेत शिरलेल्या पोराला वाचवायला कलम पुरत नाही. त्याला जागा द्यावी लागते. ४०२ मीटर धाव, थांबायला त्याच्या दुप्पट मोकळा रस्ता, सुटण्याच्या जागी काँक्रीटचा भक्कम पट्टा, दोन्ही कडांना कठडे, एक रुग्णवाहिका आणि पाण्याचा एक टँकर. कारखान्यांच्या भूखंडांशेजारी एवढी जमीन राखून ठेवणं औद्योगिक महामंडळाला जड नाही.